अकरावीला गाव सोडावे का? शाळाबदल आणि पदवीप्रवेशाच्या नात्याचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

दहावीचा निकाल लागला की बिद्री परिसरातल्या घरोघरी एकच विषय सुरू होतो : मुलाला अकरावीला कुठे घालायचे? कागल तालुक्यातले हे गाव राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांच्या हद्दीला लागून आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ते जिल्हाभर ठाऊक आहे, आणि दूधसाखर महाविद्यालयामुळे आसपासच्या मुलांना पदवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ मिळते. तरीही डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे ठरवलेल्या मुलांच्या घरी जवळच्या सोयीचा विचार बहुधा शेवटी होतो. आधी नाव निघते कोल्हापूरचे, मग लातूर-पुण्याचे, आणि ऐपत असेल किंवा कर्ज काढायची तयारी असेल तर राजस्थानातल्या कोट्याचे. या सगळ्यामागे एक गृहीत आहे : शाळा किंवा कॉलेज बदलले की पुढे चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता वाढते. हे गृहीत कितपत खरे आहे, यावर आजवर कोणी काय म्हटले आणि काय अजून ठरायचे आहे, याचा आढावा इथे घेतला आहे.

या वादात दोन निराळ्या गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात. शाळाबदलाचा पहिला परिणाम नियमांतून होतो. बारावी कुठून उत्तीर्ण झालात यावर तुम्ही कोणत्या कोट्यात बसता, कोणत्या जागांवर तुमचा हक्क लागतो, हे ठरते. दुसरा परिणाम अभ्यासातून होतो. शिक्षक, सोबती, सराव आणि रोजचा वेळ बदलल्याने गुण बदलतात, असे मानले जाते. पहिला परिणाम निश्चित आहे आणि माहितीपुस्तिका उघडून आधीच तपासता येतो, पण घरात त्याची चर्चा सर्वांत कमी होते. दुसरा अनिश्चित आहे आणि समजुतीपेक्षा बराच लहान असण्याची शक्यता आहे, पण घरचा सगळा पैसा त्याच्याच भरवशावर लागतो. उपलब्ध पुरावा एकत्र मांडला तर हा उलटा व्यवहार स्पष्ट दिसतो.

दहावीनंतर शाळा बदलण्याची रीत कुठून आली

देशाच्या अनेक भागांत मूल एकाच शाळेत बारावीपर्यंत शिकते. महाराष्ट्रात मात्र दहावीनंतर बहुतेक मुलांची शाळा बदलतेच. याचे मूळ १०+२+३ या आकृतिबंधात आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो सुचवला आणि महाराष्ट्राने १९७० च्या दशकात अमलात आणला. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि अकरावी-बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालये उभी राहिली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. बिद्रीहून पुढे गेल्यावर लागणाऱ्या गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ज्या अहवालाने दहावीनंतरचा हा टप्पा दिला, त्याच अहवालाने परिसरातल्या सर्व मुलांनी परिसरातल्याच शाळेत शिकावे अशी शेजारशाळेची शिफारसही केली होती. आकृतिबंध स्वीकारला गेला आणि शेजारशाळा कागदावर राहिली. आजच्या प्रश्नाची बरीचशी मुळे या अर्धवट अंमलबजावणीत आहेत.

या टप्प्यावर स्पर्धा वाढली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या जागांमुळे. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत होते त्या काळात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या कारकिर्दीत जादा तास, सततच्या चाचण्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांवर बारीक लक्ष अशी पद्धत रुजली. गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडेच पाहायची सवय असलेल्या महाराष्ट्राला मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाने दिशा बदलायला लावली, ही त्या पॅटर्नची मोठी देणगी मानावी लागेल. त्याबरोबरच चांगल्या गुणांसाठी गाव सोडावे लागते ही समजूतही तेव्हापासून पक्की झाली.

पुढे निकष बदलत गेले. अभियांत्रिकीसाठी २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी जेईई मेनचे आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरले गेले. २०१६ पासून राज्याची एमएचटी-सीईटी पुन्हा आधार झाली. वैद्यकीय प्रवेशासाठी नीट देशभर लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. आता अभियांत्रिकीला बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले आहेत : खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के. हा बदल या आढाव्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बारावीचे गुण मोजले जात होते तेव्हा कॉलेज बदलण्याचा थेट लाभ गुणपत्रिकेत दिसू शकत होता. आता कॉलेजने दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या गुणांपेक्षा सीईटीच्या पर्सेंटाइलला किंमत आहे, आणि ती परीक्षा बिद्रीच्या मुलाला व लातूरच्या मुलाला एकाच निकषाने मोजते.

अकरावीच्या प्रवेशाचाही स्वतंत्र इतिहास आहे. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर कसे आणायचे, हा त्यातला कळीचा प्रश्न. २००८ मध्ये राज्याने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवल्या. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. २०१० मध्ये आलेले ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरण्याचे सूत्र, मात्र सर्वोच्च न्यायालयात टिकले. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, म्हणजे बिद्रीसारख्या गावातली कॉलेजेही त्याच यादीत आली. या शेवटच्या बदलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नियमांतून होणारा परिणाम

बिद्रीजवळच्या एका काल्पनिक मुलीचे उदाहरण घेऊ. तिने दहावी कागल तालुक्यातून केली आहे, जन्माने ती महाराष्ट्रातली आहे आणि तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, नियमांत ‘होम युनिव्हर्सिटी’ नावाची गोष्ट आहे. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. बारावी ज्या कॉलेजातून उत्तीर्ण झाली ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, ती त्याची होम युनिव्हर्सिटी. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या कॅपच्या जागा साधारण ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या आणि ३० टक्के बाहेरच्या उमेदवारांसाठी अशा विभागल्या गेल्या आहेत. सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या संस्थांच्या जागा राज्यपातळीवर भरल्या जातात, तिथे हा भेद लागत नाही.

आता या मुलीने बारावी बिद्रीतून किंवा कोल्हापुरातून केली तर ती शिवाजी विद्यापीठाची उमेदवार ठरते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत ७० टक्क्यांच्या यादीत बसते. तिने लातूरला बारावी केली तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची उमेदवार होते. स्वतःच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात तिला ३० टक्क्यांच्या यादीत उभे राहावे लागते. पुण्यातून बारावी केली तर पुण्यातल्या संलग्न महाविद्यालयांची मोठी यादी तिला खुली होते आणि कोल्हापूरची आखडते. पर्सेंटाइल तेच, जन्मगाव तेच, घर तेच. फक्त बारावीच्या दाखल्यावरचे गाव बदलले. कटऑफच्या तक्त्यात एच (होम), ओ (बाहेरचे) आणि एस (राज्यपातळी) या अक्षरांखाली वेगळे आकडे छापलेले असतात, ते याच कारणाने. पुण्यातच शिकायचे पक्के असेल तर पुण्याला जाण्यात नियमाचा लाभ आहे. बारावी दुसरीकडे करून पदवीला कोल्हापुरात परतायचे असेल तर तो तोटा आहे. कोणता निर्णय बरोबर, हे पुढचे ठिकाण ठरवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बहुतेक घरांत ते ठरवण्याआधीच वसतिगृहाचे पैसे भरले जातात.

वैद्यकीयचे नियम निराळे आहेत. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात. राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. शासकीय कर्मचाऱ्यांची मुले आणि सीमाभाग यांसारखे मोजके अपवाद आहेत. याचा अर्थ, राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केली तर मराठी मुलाच्या हातून ८५ टक्क्यांचा मोठा हिस्सा निसटतो. म्हणून कोटा शहरात शिकणारी अनेक मुले नावापुरता प्रवेश महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजात ठेवतात. जो नियम राज्यात शिकणाऱ्यांसाठी जागा राखायला केला, त्यानेच कागदोपत्री हजेरीच्या कॉलेजांना गिऱ्हाईक पुरवले, हा त्याचा न योजलेला परिणाम आहे.

राज्याच्या आतही एक भिंत होती. २०२० पर्यंत वैद्यकीयच्या राज्य कोट्यात मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७०:३० चे सूत्र चालत असे. आपल्या भागात महाविद्यालये कमी असल्याने गुण असूनही मुले मागे पडतात, अशी मराठवाड्याची जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द झाल्याची घोषणा केली. त्याआधी कोल्हापूरच्या मुलाने लातूरला बारावी करणे म्हणजे नीटच्या प्रवेशात विभाग बदलणे होते. त्यानंतर ती अडचण राहिली नाही. एकाच शहरात, एकाच कॉलेजात जाण्याचा परिणाम २०१९ मध्ये एक होता आणि २०२१ मध्ये दुसरा. मोठ्या भावाच्या अनुभवावर धाकट्या बहिणीचा निर्णय घेणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

बिद्रीपासून जवळच कर्नाटकची हद्द सुरू होते, त्यामुळे सीमाभागाचा मुद्दा इथे पुस्तकी राहत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी कॅपमध्ये स्वतंत्र ‘टाइप ई’ आहे. तिथली दहावी-बारावी असली तरी ते महाराष्ट्राच्या प्रक्रियेत येऊ शकतात. कर्नाटकाच्या सीईटीसाठी तिथे साधारण सात वर्षांचे शिक्षण आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण असणे हा प्रमुख निकष आहे. निपाणी भागातले मूल दहावीनंतर कोल्हापूर जिल्ह्यात आले तर त्याचे कर्नाटकातले आणि महाराष्ट्रातले हक्क दोन्ही नव्याने तपासावे लागतात. हे काम प्रवेश घेण्याआधी व्हायला हवे, कारण नंतर दाखला बदलता येत नाही.

अशा अटी घटनेत बसतात का, हा प्रश्नही न्यायालयात वारंवार गेला. १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच जागा निवासावर राखून ठेवण्यास मज्जाव केला, पण एमबीबीएसला मर्यादित प्रमाणात अशी राखीवता मान्य केली. २०१८ मध्ये आसामची सातवी ते बारावी राज्यातच शिकण्याची अट न्यायालयाने उचलून धरली. २०२५ मध्ये तेलंगणाची सलग चार वर्षांच्या शिक्षणाची अटही टिकली. त्याच वर्षी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले अधिवासावरचे आरक्षण मात्र अवैध ठरले. पदवीपातळीवर शिक्षण कुठे झाले याला वजन देण्याची राज्यांची मुभा आज तरी शाबूत आहे, असाच याचा निष्कर्ष निघतो.

जावे म्हणणाऱ्यांची बाजू

गाव सोडावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे नुसत्या हौसेचे नाही. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावी विज्ञानाला सगळे विषय एकदम इंग्रजीत भेटतात. नीट आणि जेईई मेन मराठीत देता येतात, सीईटीतही भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला मराठीचा पर्याय आहे, पण गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते आणि सरावाची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत. हा उंबरठा ओलांडायला अनुभवी शिक्षक लागतो. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असल्याने दोन वर्षांचे नियोजन लागते. शिवाय वसतिगृहात राहिल्याने जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, घरच्या शेतीतली आणि गोठ्यातली कामे मागे लागत नाहीत, आणि अभ्यास करणाऱ्या मुलांची संगत मिळते. मुलींच्या बाबतीत घरच्या कामांपासूनच्या या सुटकेचे वजन आणखी जास्त आहे, कारण घरी राहणाऱ्या मुलीचा वेळ घरकामात सर्वांत आधी जातो.

या बाजूचा दुसरा मुद्दा स्पर्धेच्या स्वरूपाचा आहे. एका गुणाने शेकडो क्रमांक खाली-वर होतात अशा परीक्षेत सराव चाचण्यांची सवय, वेळेचे नियोजन आणि आपण राज्यात कुठे आहोत याचा अंदाज यांना किंमत असते. दोन-चार मुले नीट देणाऱ्या वर्गात हा अंदाज येत नाही. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि तो नुसता जाहिरातीचा परिणाम म्हणून झटकून टाकणे पालकांवर अन्याय करणारे ठरेल.

थांबावे म्हणणाऱ्यांची बाजू

उलट बाजूचे लोक तीन प्रकारचे आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. पहिले मुलाच्या वयाकडे पाहतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर, भाषा, जेवण आणि मित्र एकदम सुटणे सोपे नसते. कोटा शहरातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी २०२३ मध्ये सगळा देश हादरला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये असे सांगितले. गावातच पहिला येणारा मुलगा मोठ्या संस्थेत चौथ्या तुकडीत पडतो तेव्हा त्याचा स्वतःवरचा विश्वास कसा ढळतो, याकडेही हे लोक लक्ष वेधतात.

दुसरे गावातल्या संस्थांकडे पाहतात. कनिष्ठ महाविद्यालयातली शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर मंजूर होतात. वरची वीस-पंचवीस मुले दरवर्षी बाहेर गेली की विज्ञानाची तुकडी रोडावते, पदे अडचणीत येतात, मग शिकवणे घसरते आणि पुढच्या वर्षी आणखी मुले जातात. एकेका घराने घेतलेला शहाणा निर्णय गावाच्या पदरात एकत्रितपणे तोटा टाकतो. या पडझडीची सर्वाधिक झळ ज्यांना जाणे परवडत नाही त्यांना बसते. त्यात एसटीच्या मोफत पासावर बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुली मोठ्या संख्येने असतात.

तिसरे शाळेच्या अर्थाकडे पाहतात. ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ व्यवस्थेत कॉलेज नाव देते आणि शिकवणी वर्ग मूल ठेवून घेतो. राज्याने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो या प्रकाराला आळा घालण्यासाठी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०२४ मध्ये अचानक तपासण्या करून राजस्थान आणि दिल्लीतल्या अनेक शाळांची संलग्नता काढून घेतली. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते. वर्षभर ब्युरेट-पिपेट हातात न घेतलेले मूल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अनुमापन पाठ करते. प्रवेश मिळतो, पण पदवीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत त्याची त्रेधा उडते.

पुरावा काय सांगतो

आता अभ्यासाच्या परिणामाकडे येऊ. अमुक कॉलेजातून इतकी मुले मेडिकलला लागली, हा आकडा कॉलेजच्या शिकवण्याचा पुरावा ठरत नाही. दहावीला ९५ टक्क्यांवर असलेली मुले निवडून घेतली तर त्यांच्यापैकी पुष्कळ जण कुठेही शिकले असते तरी यशस्वी झाले असते. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात नीट देणाऱ्यांची नावेही कॉलेजच्या जाहिरातफलकावर त्याच यादीत मिसळतात. शिकवणी क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली, यावरून या आकड्यांचा गोंधळ किती आहे ते दिसते. खरा प्रश्न असा आहे : त्याच मुलाने दुसरीकडे शिकून किती गुण मिळवले असते?

याचे उत्तर शोधण्याची एक चांगली रीत अर्थशास्त्रज्ञांनी वापरली आहे. नामांकित शाळेच्या कटऑफच्या अगदी किंचित वर राहून प्रवेश मिळालेली मुले आणि अगदी किंचित खाली राहून नाकारली गेलेली मुले यांची तुलना करायची. अर्ध्या गुणाने वेगळी झालेली ही मुले बाकी सगळ्या बाबतींत जवळजवळ सारखी असतात. त्यामुळे पुढे त्यांच्यात पडलेला फरक शाळेचा मानता येतो. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळांचा असा अभ्यास अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सोबतीला फार हुशार मुले मिळूनही कटऑफजवळच्या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही. केनियातल्या राष्ट्रीय शाळांबद्दल लुकास आणि म्बिती यांचा त्याच वर्षीचा निष्कर्षही असाच आहे. रुमानियात मात्र पॉप-एलेचेस आणि उर्कियोला यांना २०१३ च्या अभ्यासात बारावीसदृश परीक्षेच्या गुणांत छोटी पण खरी वाढ दिसली. सोबत असेही दिसले की चांगल्या शाळेत प्रवेश मिळाल्यावर पालक घरी लक्ष कमी देतात आणि वर्गात मागे पडलेल्या मुलांना आपण कमी आहोत असे वाटू लागते.

नियम बदलले की माणसे कशी शाळा बदलतात, याचे उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासचे आहे. तिथे १९९७ च्या कायद्याने आपापल्या शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत हमखास प्रवेश मिळू लागला. त्यानंतर काही घरांनी मुद्दाम कमी चुरशीची शाळा निवडल्याचे कलन, लाँग आणि रीबॅक यांनी दाखवले. आपल्याकडे तमिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा राखल्या. शाळा न सोडण्याला बक्षीस देणारा हा नियम आहे. टेक्सासमध्ये दिसते ते हेच की प्रवेशाच्या नियमात बदल झाला की काही घरांची शाळानिवड बदलते. शाळेच्या नावाने गुणांत पडणारा फरक मात्र मोजायला गेले की बारीक होतो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

परदेशातले निष्कर्ष बिद्रीला लावता येत नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निम्मा बरोबर आहे. बोस्टनमध्ये नाकारल्या गेलेल्या मुलालाही बरी शाळा आणि सगळ्या विषयांचे शिक्षक मिळतात. आपल्याकडे जिथे भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षकच नाही, प्रयोगशाळा कुलूपबंद आहे, तिथून बरा वर्ग असलेल्या ठिकाणी जाण्याने खरा फरक पडणारच. म्हणून निष्कर्ष नेमका मांडायला हवा : वाईटातून बऱ्याकडे जाण्यात लाभ आहे, बऱ्यातून नामांकिताकडे जाण्यात तो सिद्ध झालेला नाही. अकरावीच्या निर्णयात कॉलेजच्या नावाऐवजी तिथे चारही विषयांचे शिक्षक वर्षभर वर्गावर असतात का, हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे, आणि ते गावात राहूनही एका फेरीत कळते.

दुसरा आक्षेप असा की लातूरने गरीब घरांतल्या मुलांना डॉक्टर केले, ते सगळे नशिबाने का? तसे नाही. लातूरच्या पद्धतीतला जादा सराव, नियमित चाचणी आणि शिक्षकांचे वैयक्तिक लक्ष हा भाग खरा आहे आणि त्याचे श्रेय त्या शिक्षकांनाच द्यायला हवे. पण हा भाग लातूरच्या मातीशी बांधलेला नाही. तो कागल किंवा गारगोटीतही उभा करता येतो. पॅटर्न आणि ठिकाण यांची गल्लत झाल्याने मुले पॅटर्नच्या मागे न जाता ठिकाणाच्या मागे धावत आहेत. तिसरा आक्षेप गाव सोडणाऱ्यांच्या हक्काचा. ज्यांना जायचे आहे त्यांना अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि या आढाव्याचा तसा हेतूही नाही. जाणाऱ्याला आपण काय विकत घेतो आणि काय गमावतो हे आधी कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणखी एक बाजू या चर्चेत नेहमी सुटते. कला आणि वाणिज्य शाखेला, किंवा साध्या बीएस्सीला जाणाऱ्या मुलांच्या पदवीप्रवेशावर अकरावी कुठे केली याचा फारसा परिणाम होत नाही. काही मोजकी मोठी महाविद्यालये सोडली तर जागा मिळतात. या मुलांच्या बाबतीत प्रवेशापेक्षा शिक्षण मध्येच न सुटणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी जवळचे कॉलेज हीच जमेची बाजू असते. मूठभरांच्या नीट-जेईईसाठी केलेला विचार सगळ्या मुलांना लावला जातो, हे या वादाचे एक मोठे वैगुण्य आहे.

अजून न सुटलेले

महाराष्ट्रापुरता मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे. दहावीला सारखे गुण असलेल्या दोन मुलांपैकी बाहेर गेलेल्याला सीईटीत किंवा नीटमध्ये किती फायदा झाला, याचे उत्तर देणारी सार्वजनिक आकडेवारी उपलब्ध नाही. दहावीचे गुण मंडळाकडे, अकरावीचा प्रवेश शिक्षण संचालनालयाकडे, सीईटीचे पर्सेंटाइल २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सीईटी कक्षाकडे. हे तीन धागे एकत्र गुंफलेले नाहीत. होम युनिव्हर्सिटीची ७०:३० विभागणी एकाच सीईटीच्या काळात कितपत समर्थनीय आहे, यावरही एकमत नाही. स्थानिक मुलांना जवळ शिकता यावे म्हणून ती हवी असे काहींना वाटते, तर गुणवत्तेला विद्यापीठाची कुंपणे नकोत असे इतरांना. ८५ टक्क्यांच्या अटीतून निर्माण होणारी कागदी हजेरी कशी रोखायची, हेही ठरलेले नाही.

एक संधी मात्र प्रथमच आली आहे. २०२५ मध्ये अकरावीचा प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन यादीने झाला. त्यामुळे प्रत्येक कॉलेजचा कटऑफ, त्याच्या लगेच वर आणि लगेच खाली कोण होते, हे सगळे एका ठिकाणी नोंदले गेले आहे. ही तुकडी २०२७ मध्ये बारावी आणि सीईटी देईल. बोस्टन किंवा रुमानियासाठी जो अभ्यास झाला, तो लातूर, पुणे आणि कोल्हापूरसाठी करायला लागणारे सगळे साहित्य तेव्हा राज्याच्याच हाती असेल. शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेने आपल्या तीन जिल्ह्यांपुरता तो केला तरी पालकांचे फार मोठे काम होईल.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. सीईटी कक्ष, राज्य मंडळ आणि शिक्षण संचालनालयाने विद्यार्थ्यांची ओळख काढून टाकून ही आकडेवारी २०२७ च्या निकालानंतर एकत्र प्रसिद्ध करावी. फलकांवरच्या आकड्यांना उत्तर देण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि पालकांनी अकरावीचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीची कॅपची आणि वैद्यकीयची माहितीपुस्तिका उघडून बारावीच्या ठिकाणासंबंधीची कलमे स्वतः वाचावीत, मुलाला कोणत्या गावात पदवी करायची आहे ते त्याच्याशी बसून ठरवावे, आणि मगच अर्ज भरावा. घरातल्या एका संध्याकाळचे हे काम आहे, आणि पुढच्या दोन वर्षांचा निर्णय त्यावर ठरवणे योग्य होईल.